स्वस्त राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी: कोणता राउटर, कोणती फाइल आणि बिघडल्यास परतीची वाट

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात टीपी-लिंकचा जुना टीएल-डब्ल्यूआर ८४१एन आहे, फायबरची १०० एमबीपीएसची जोडणी आहे आणि संध्याकाळी सगळे घरी असले की व्हिडिओ कॉल अडखळतात. या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी, म्हणजे कंपनीच्या फर्मवेअरऐवजी (राउटर चालवणाऱ्या आतल्या प्रणालीऐवजी) बसवायची लिनक्सवर आधारित मुक्त प्रणाली, टाकल्यास रेंज आणि वेग वाढेल का, की दीड-दोन हजारांचा दुसरा राउटर घेऊन त्यावर ते टाकावे, आणि टाकताना राउटर कायमचा बंद पडू नये यासाठी काय काळजी घ्यावी? माझे उत्तर असे की फर्मवेअर चढवण्याचे काम दहा मिनिटांचे असते, परंतु ते हाती घ्यावे की नाही हे राउटरच्या तळावरील लेबलवर ठरते. ते लेबल वाचून होईपर्यंत आणि बिघाड झाल्यास परत येण्याची वाट नक्की होईपर्यंत कोणतीही फाइल डाउनलोड करू नये.

आधी रेंजविषयी, कारण बहुतेकांची सुरुवात याच अपेक्षेने होते. फर्मवेअर बदलल्याने अँटेना बदलत नाही आणि रेडिओच्या चिपची ताकदही बदलत नाही. काही जण देशाच्या यादीत भारताऐवजी दुसरा देश निवडून प्रक्षेपणाची शक्ती वाढवण्याचा सल्ला देतात. तो नियमाला धरून नाही आणि उपयोगाचाही नाही. वाय-फाय हे दोघांमधले संभाषण आहे. राउटरने गच्चीवरून कितीही मोठ्याने हाक मारली, तरी खालून फोनने हळू आवाजात दिलेले उत्तर त्याला ऐकू आले नाही, तर संभाषण होत नाही. शिवाय स्वस्त राउटरमधील अँप्लिफायर क्षमतेच्या टोकाला चालवला, तर लहरींचा आकार बिघडतो आणि प्रत्यक्ष वेग उतरतो. भारतात ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील बराच मोठा भाग ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने परवानामुक्त झाला आहे, त्यामुळे देश म्हणून भारतच निवडण्यात आज काहीही तोटा नाही. भिंतीपलीकडे सिग्नल पोहोचत नसेल, तर राउटरची जागा बदलणे किंवा केबल ओढून दुसऱ्या खोलीत आणखी एक राउटर लावणे हाच उपाय आहे.

मग नव्या फर्मवेअरचा लाभ कोणता? सर्वांत मोठा लाभ सुरक्षेच्या दुरुस्त्यांचा. स्वस्त राउटरला कंपनीकडून पहिली दोन-तीन वर्षे अद्यतने मिळतात आणि पुढे ती थांबतात. राउटर मात्र आठ-दहा वर्षे चालू राहतो. ऑक्टोबर २०१७ मध्ये वाय-फायच्या डब्ल्यूपीए२ या सुरक्षापद्धतीतील क्रॅक नावाची त्रुटी जाहीर झाली, मे २०१८ मध्ये व्हीपीएनफिल्टर या घातक प्रणालीने जगभरातील सुमारे ५ लाख राउटर व तत्सम उपकरणे बाधित केल्याचे उघड झाले, आणि जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या सायबरसुरक्षा संस्थेने प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरल्या जाणाऱ्या त्रुटींच्या यादीत ज्या टीपी-लिंक राउटरांची भर घातली, त्यांत टीएल-डब्ल्यूआर ८४१एनच्या काही प्रती, म्हणजे हार्डवेअरच्या आवृत्त्याही आहेत. दुसरा लाभ गर्दीच्या वेळच्या अडखळण्यावरचा. त्याविषयी पुढे सविस्तर लिहितो, कारण तुमची खरी तक्रार तीच आहे. बाकीचे लाभ, म्हणजे जाहिराती अडवणे, वायरगार्ड या व्हीपीएनची सुरक्षित जोडणी, पाहुण्यांसाठी वेगळे नेटवर्क इत्यादी, हे ज्याच्या-त्याच्या गरजेवर अवलंबून आहेत.

आता लेबल. राउटर उलटा केला की मॉडेलच्या नावाजवळ किंवा सीरियल क्रमांकाशेजारी बारीक अक्षरांत ‘व्हर्जन’ आणि त्यापुढे आकडा छापलेला असतो. खोक्यावरील नाव एकच असले, तरी या आकड्याबरोबर आतले सगळे बदललेले असू शकते. ८४१एनचेच पाहा. आठव्या प्रतीत अथेरॉसची एआर९३४१ ही चिप आहे, नवव्या आणि अकराव्या प्रतींत क्वालकॉमची क्यूसीए९५३३, तर तेराव्या प्रतीत मीडियाटेकची एमटी७६२८. या तेराव्या प्रतीत ८ एमबी फ्लॅश मेमरी (फर्मवेअर साठवण्याची जागा) आणि ६४ एमबी रॅम (चालू कामाची मेमरी) दिली होती. चौदाव्या प्रतीत मात्र चिप तीच ठेवून मेमरी पुन्हा ४ एमबी आणि रॅम ३२ एमबी केली. म्हणजे नंतर आलेला राउटर आधीच्यापेक्षा कमकुवत आहे, आणि दुकानदाराला विचारले तर ‘दोन्ही सेमच आहेत’ असेच उत्तर मिळते. नवव्या प्रतीची फाइल तेराव्या प्रतीवर चालण्याचा प्रश्नच येत नाही, कारण दोहोंचे प्रोसेसर वेगळे आणि मेमरीची मांडणीही वेगळी.

एकाच नावाखाली आतले बदलण्याची ही पद्धत जुनी आहे. मुळात राउटरवर स्वतःचे फर्मवेअर टाकण्याची सुरुवात ज्या लिंकसिस डब्ल्यूआरटी५४जी पासून झाली, त्याचीही हीच कथा. हा राउटर २००२ च्या अखेरीस बाजारात आला. त्याच्या आत लिनक्स असल्याचे पुढच्या वर्षी जाणकारांच्या लक्षात आले, आणि लिनक्सच्या जीपीएल या मुक्त परवान्याच्या अटीनुसार कंपनीला २००३ मध्ये मूळ संकेत (सोर्स कोड) खुला करावा लागला. त्यातून २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी उभे राहिले. नावातले ‘डब्ल्यूआरटी’ तिथलेच. पुढे २००५ मध्ये आलेल्या पाचव्या प्रतीत कंपनीने लिनक्स काढून व्हीएक्सवर्क्स ही दुसरी कार्यप्रणाली बसवली, फ्लॅश मेमरी ४ एमबीवरून २ एमबी आणि रॅम १६ एमबीवरून ८ एमबी केली. लिनक्स हवे असणाऱ्यांसाठी त्याच यंत्राची ‘जीएल’ नावाची प्रत वेगळी विकायला ठेवली. स्वस्त यंत्रात मेमरीवर वाचवलेले काही रुपये लाखो नगांच्या हिशेबात मोठी रक्कम होतात, त्यामुळे ही काटछाट आजही थांबलेली नाही.

मेमरीच्या या आकड्यांवरच निर्णय अवलंबून असतो. ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅम असलेल्या राउटरांसाठी ओपनडब्ल्यूआरटीची १९.०७ ही शेवटची शाखा (आवृत्त्यांची मालिका) ठरली आणि तिचीही देखभाल २०२२ मध्ये संपली. २०२१ च्या २१.०२ या आवृत्तीपासून किमान ८ एमबी फ्लॅश व ६४ एमबी रॅम आवश्यक मानली जाते. नवीन खरेदी करणाऱ्याला १६ एमबी व १२८ एमबी यांच्या खाली जाऊ नये असाच सल्ला दिला जातो, आणि तो योग्य आहे. तेव्हा तुमचा ८४१एन तेरावी प्रत असेल तर प्रयोग करायला हरकत नाही. आठवी, नववी, अकरावी किंवा चौदावी असेल, तर त्यावर जे चढेल ते स्वतःच कालबाह्य असेल; सुरक्षेसाठी बदल करायचा आणि देखभाल बंद झालेली आवृत्ती बसवायची, यात अर्थ नाही. लोक अशा राउटरसाठी हाताने काटछाट केलेल्या फाइल तयार करून वाटतात. शिकण्यासाठी त्या चांगल्या आहेत, मात्र घरातला मुख्य राउटर त्यांवर चालवू नये.

दुसरा राउटर घ्यायचा असेल, तर आधी ओपनडब्ल्यूआरटीच्या संकेतस्थळावरील उपकरणांची यादी उघडावी, तिथे समर्थित असलेली प्रत पाहावी आणि मगच दुकान गाठावे. उलट क्रमाने गेलेल्यांची बहुधा निराशा होते. ब्रॉडकॉमच्या वाय-फाय चिपांसाठी मुक्त चालक प्रणाली (ड्रायव्हर) जवळजवळ नाहीत, त्यामुळे त्या राउटरवर फर्मवेअर चढले तरी वाय-फाय नीट चालत नाही. रियलटेकच्या जुन्या स्वस्त चिपांचीही गत फारशी वेगळी नाही. आपल्याकडे घरोघरी दिसणाऱ्या डी-लिंक डीआयआर-६१५ च्या निरनिराळ्या प्रतींत अथेरॉस, रालिंक आणि रियलटेक अशा तिन्ही घराण्यांच्या चिपा आढळतात. एक प्रत उत्तम चालते आणि दुसरी मुळीच नाही. माझी पसंती मीडियाटेकच्या एमटी७६२१ या चिपला आहे. ही दोन गाभ्यांची, ८८० मेगाहर्ट्झची चिप असून तिच्यासोबत बहुधा गिगाबिट पोर्ट मिळतात. शाओमीचा एमआय राउटर ४ए गिगाबिट आणि टीपी-लिंक आर्चर सी६ ची तिसरी प्रत यांत ती आहे, सोबत १६ एमबी फ्लॅश आणि १२८ एमबी रॅम. आर्चर सी६ ची दुसरी प्रत मात्र क्वालकॉमच्या चिपेवर आहे आणि युरोप व अमेरिकेसाठीच्या तिच्या प्रतींना वेगवेगळ्या फाइल लागतात, म्हणून लेबलवरील कंसातली प्रदेशाची अक्षरेही टिपून ठेवावीत. ऑनलाइन मागवताना कोणती प्रत हाती येईल याची खात्री विक्रेता देत नाही. परत करण्याची मुदत असलेल्या ठिकाणाहूनच घ्यावे, आणि खोके उघडल्यावर आधी लेबल पाहावे.

सेवा देणाऱ्या कंपनीने लावलेल्या ओएनटीला, म्हणजे फायबरची तार जिथे येते त्या डबीला, हात लावू नये. ते उपकरण बहुधा त्यांच्या मालकीचे असते, फायबरची ओळखपत्रे त्यातच असतात, आणि ते बंद पडले तर जोडणीच जाते. आपला राउटर त्याच्यामागे केबलने जोडावा.

तयारीमध्ये सर्वाधिक दुर्लक्षित होणारी गोष्ट म्हणजे रेडिओच्या मापांची नक्कल. प्रत्येक राउटरच्या वाय-फाय चिपेची कारखान्यात स्वतंत्र जुळणी केलेली असते आणि ते आकडे फ्लॅश मेमरीच्या एका छोट्या कप्प्यात साठवलेले असतात. अथेरॉस व क्वालकॉमच्या राउटरांत या कप्प्याला ‘आर्ट’ म्हणतात आणि तो बहुधा ६४ केबीचा असतो, मीडियाटेकमध्ये त्याचे नाव ‘फॅक्टरी’ किंवा ‘रेडिओ’ असे असते. हा कप्पा पुसला गेला, तर दुसऱ्याच्या राउटरमधून आणलेली नक्कल पूर्णपणे लागू पडत नाही आणि वाय-फाय कायमचे अधू होते. म्हणून ओपनडब्ल्यूआरटी चढल्यावर इतर कोणतेही काम करण्याआधी, त्याच्या लुसी या वेब पानावर ‘सिस्टिम’च्या यादीत बॅकअपचा जो विभाग आहे तिथून, मेमरीचे सर्व कप्पे एकेक करून संगणकावर उतरवून घ्यावेत. फाइल लहान असतात. त्या राउटरच्या सीरियल क्रमांकाच्या नावाने जपून ठेवाव्यात.

दुसरी तयारी म्हणजे मूळ फर्मवेअर हाताशी ठेवण्याची. टीपी-लिंकच्या जुन्या राउटरांबाबत येथे एक बारकावा आहे. कंपनीच्या ज्या फाइलच्या नावात ‘बूट’ हा शब्द असतो, तिच्या सुरुवातीला बूटलोडरही (राउटर चालू होताना सर्वांत आधी चालणारी छोटी आज्ञावली) जोडलेला असतो. अशी फाइल ओपनडब्ल्यूआरटीमधून तशीच चढवली, तर पुढचा सगळा मजकूर तेवढ्याने सरकून चुकीच्या जागी बसतो आणि राउटर उठत नाही. सुरुवातीचे १,३१,५८४ बाइट, म्हणजे ५१२ बाइटचे २५७ तुकडे, कापून उरलेला भागच वापरायचा असतो. नावात ‘बूट’ नसलेली फाइल मिळाली तर हा प्रश्न उद्भवत नाही.

फाइल निवडताना ‘फॅक्टरी’ आणि ‘सिसअपग्रेड’ यांत गल्लत होऊ देऊ नये. पहिली कंपनीच्या मूळ वेब पानातून प्रथमच चढवण्यासाठी असते, दुसरी राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी आधीपासून असताना पुढच्या आवृत्तीवर जाण्यासाठी. काही राउटरांना फॅक्टरी फाइलच नसते. ८४१एनच्या तेराव्या प्रतीसाठी, उदाहरणार्थ, टीएफटीपी (संगणकावरून केबलने फाइल पाठवण्याची साधी पद्धत) रिकव्हरीची फाइल वापरावी लागते. तसेच रोजच्या रोज तयार होणाऱ्या ‘स्नॅपशॉट’ फाइल टाळाव्यात, कारण त्यांत लुसीचे वेब पान नसते, आणि काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करण्याची सवय नसलेल्या माणसाला राउटर बंद पडल्यासारखेच वाटते. डाउनलोड झालेल्या फाइलचा एसएचए२५६ आकडा, म्हणजे फाइल जशीच्या तशी आहे हे तपासण्याची खूण, संकेतस्थळावरील आकड्याशी ताडून पाहावा. मोबाइलच्या नेटवर उतरवलेली फाइल अर्धवट राहण्याचे प्रकार घडतात आणि अर्धवट फाइल प्रत्येक राउटर ओळखून नाकारेलच असे नाही.

प्रत्यक्ष चढवताना संगणक केबलने लॅन पोर्टला जोडावा, वाय-फाय बंद करावे, आणि राउटर इन्व्हर्टरवर किंवा छोट्या यूपीएसवर ठेवावा. आपल्याकडच्या विजेच्या लपंडावात ही खबरदारी ऐच्छिक मानू नये. टीपी-लिंकच्या काही जुन्या पानांना लांब नावाची फाइल चालत नाही. तिचे नाव आखूड करून पुन्हा द्यावी. फाइल स्वीकारली गेली की राउटरला हात लावू नये. पहिल्या उठण्याच्या वेळी मेमरीचा मोकळा भाग आखला जातो, त्याला कधी तीन-चार मिनिटे लागतात, आणि याच वेळी घाबरून बटण बंद करणाऱ्यांचे राउटर दुरुस्तीला येतात. उठल्यावर राउटर १९२.१६८.१.१ या पत्त्यावर सापडतो, वापरकर्त्याचे नाव ‘रूट’ असते, पासवर्ड नसतो आणि वाय-फाय बंद असते. वाय-फाय दिसत नाही म्हणून राउटर गेला असे समजू नये. पासवर्ड आधी घालावा, मग वाय-फाय सुरू करावे.

शाओमीच्या राउटरांवर हा सरळ मार्ग चालत नाही, कारण त्यांचे वेब पान कंपनीच्या सहीविना फाइल घेत नाही. तिथे मूळ फर्मवेअरमधील एका सुरक्षा त्रुटीचा उपयोग करून आत शिरावे लागते. त्यासाठी ओपनडब्ल्यूआरटी-इन्व्हेजन नावाचे साधन प्रचलित आहे. कंपनीने नंतरच्या आवृत्त्यांत ही त्रुटी बुजवली असल्यास आधी जुनी मूळ आवृत्ती चढवावी लागते. हे जमण्यासारखे आहे, तरी पहिल्यांदा हे काम करणाऱ्याने टीपी-लिंकसारख्या सोप्या यंत्रावर हात बसवावा असे मी सुचवीन. शाओमीच्या संदर्भात ‘ब्रीड’ हा बूटलोडर बसवण्याचा सल्लाही वारंवार मिळतो. बूटलोडर हा परतीचा शेवटचा आधार असतो. तो बदलताना चूक झाली तर चिप बाहेरून लिहिण्याखेरीज उपाय उरत नाही. तेवढे साहित्य आणि सराव नसेल, तर मूळ बूटलोडर तसाच राहू द्यावा.

आता बिघाड झाल्यास काय. बहुतेक वेळा राउटर मेलेला नसतो, फक्त सेटिंग चुकलेली असते. अशा वेळी ओपनडब्ल्यूआरटीची फेलसेफ अवस्था उपयोगी पडते: राउटर चालू केल्यावर दिवा भराभर लुकलुकू लागला की रीसेटचे बटण दाबायचे, संगणकाला १९२.१६८.१.२ हा पत्ता हाताने द्यायचा आणि एसएसएचने (संगणकावरून राउटरला आज्ञा टाइप करण्याच्या सोयीने) आत जाऊन ‘फर्स्टबूट’ ही आज्ञा द्यायची. राउटर पुन्हा कोऱ्या स्थितीत येतो.

फर्मवेअरच खराब झाले असेल, तर टीएफटीपी. टीपी-लिंकचे अनेक राउटर रीसेटचे बटण दाबून चालू केले की ठरावीक पत्त्यावरच्या संगणकाकडे ठरावीक नावाची फाइल मागतात. ८४१एनच्या नवव्या प्रतीला संगणकाचा पत्ता १९२.१६८.०.६६ लागतो, तेराव्या प्रतीला १९२.१६८.०.२२५, फाइलचे नावही प्रतीनुसार वेगळे असते आणि ते उपकरणाच्या पानावर दिलेले असते. एका अक्षराचाही फरक चालत नाही. विंडोजवर टीएफटीपीडी६४ हे मोफत साधन पुरते, मात्र विंडोजचा फायरवॉल तात्पुरता बंद करावा लागतो. आणखी एक अडचण अशी की राउटर ही फाइल अगदी थोडे सेकंदच मागतो, आणि तेवढ्यात संगणकाचे केबल पोर्ट जागे झालेले नसते. म्हणून मध्ये एखादा साधा स्विच लावावा. संगणकाचे पोर्ट कायम चालू राहते आणि राउटरची मागणी चुकत नाही. ‘टीएफटीपी चालत नाही’ म्हणून आणलेले किती तरी राउटर केवळ एवढ्याने उठलेले मी पाहिले आहेत.

त्यापुढची पायरी सीरियल जोडणीची. राउटर उघडल्यावर पट्टीवर चार छिद्रांची किंवा चार पिनांची रांग दिसते. सीएच३४० किंवा सीपी२१०२ चिपेचे यूएसबी साधन घेऊन त्यातल्या तीनच तारा जोडाव्यात: ग्राउंडला ग्राउंड, पाठवणारी घेणारीला आणि घेणारी पाठवणारीला. चौथी, म्हणजे विजेची तार, मोकळीच ठेवावी. साधनावर ३.३ व्होल्ट आणि ५ व्होल्ट यांची निवड असते, ती ३.३ वर आहे याची खात्री केल्याशिवाय काहीही जोडू नये. वेग बहुधा १,१५,२०० असतो. पडद्यावर बूटलोडरच्या ओळी उमटल्या, की राउटर वाचणार हे जवळपास नक्की. काहीच उमटले नाही, तर सीएच३४१ए प्रोग्रामर आणि आठ पायांची चिमटी घेऊन फ्लॅश चिप थेट वाचावी. चिपेवरील क्रमांक मेगाबिटमध्ये असतो हे ध्यानात ठेवावे: डब्ल्यू२५क्यू६४ म्हणजे ६४ मेगाबिट, अर्थात ८ एमबी. चिप दोनदा वाचून दोन्ही फाइल तंतोतंत जुळल्या तरच लिहिण्याचे धाडस करावे. बाजारात स्वस्त मिळणाऱ्या काळ्या पट्टीच्या सीएच३४१ए वर संकेताच्या तारांना ५ व्होल्ट येतात आणि या चिपा ३.३ व्होल्टच्या असतात. त्या पट्टीत आधी फेरफार करून घ्यावा किंवा व्होल्टेज निवडता येणारी प्रत घ्यावी.

फर्मवेअर नीट बसले तरी इंटरनेट येत नाही, ही तक्रार महाराष्ट्रात फार ऐकू येते आणि तिची कारणे ठरलेली आहेत. पहिले कारण पत्त्यांचा गोंधळ. अनेक ओएनटींचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.१ असतो, ओपनडब्ल्यूआरटीचाही तोच. दोन्ही बाजूंना एकच जाळे दिसल्यामुळे राउटरला पॅकेट कुठे पाठवायचे ते कळत नाही. आपल्या राउटरचा लॅन पत्ता १९२.१६८.१०.१ असा काही करावा, प्रश्न मिटतो. जिओच्या घरगुती उपकरणाचा पत्ता १९२.१६८.२९.१ असल्याने तिथे हा संघर्ष होत नाही. दुसरे कारण केबलवाल्याकडे नोंदलेला मॅक पत्ता, म्हणजे उपकरणाचा कारखान्यातून आलेला ओळखक्रमांक. गल्लीतल्या छोट्या पुरवठादारांकडे जोडणी जुन्या राउटरच्या मॅक पत्त्याशी बांधलेली असते. तो पत्ता लेबलवरून घेऊन वॅनच्या (बाहेरच्या जोडणीच्या) सेटिंगमध्ये लिहावा किंवा त्यांना फोन करून नवा नोंदवून घ्यावा. तिसरे, पीपीपीओईचे, म्हणजे पुरवठादाराकडे लॉगिन करण्याचे, वापरकर्तानाव आणि पासवर्ड. ते जुन्या राउटरमध्येच साठवलेले असतात आणि फर्मवेअर बदलल्यावर पुसले जातात, म्हणून काम सुरू करण्याआधी कागदावर उतरवावेत. पासवर्ड आठवत नसेल तर रविवारी संध्याकाळी हे काम काढू नये.

आता तुमच्या अडखळणाऱ्या व्हिडिओ कॉलकडे येतो. घरातल्या कोणाचे छायाचित्रांचे बॅकअप किंवा मोठी फाइल वर चढू लागली, की ओएनटीमध्ये पॅकेटची लांबलचक रांग लागते आणि कॉलची छोटी पॅकेट त्या रांगेत मागे अडकतात. वेग मोजला तर तो पूर्ण भरतो, तरी कॉल तुटतो. यावर ओपनडब्ल्यूआरटीत एसक्यूएम नावाचे पॅकेज (वरून बसवायची जोड-आज्ञावली) आहे. त्यात ‘केक’ ही पद्धत निवडावी, केबलवरून मोजलेल्या वेगाच्या साधारण ९० टक्के आकडे चढत्या आणि उतरत्या दोन्ही दिशांना लिहावेत, आणि जोडणीच्या जादा बाइटांच्या रकान्यात शंका असल्यास ४४ लिहावे. रांग आता ओएनटीऐवजी आपल्या राउटरमध्ये लागते, आणि तिथे प्रत्येकाला आळीपाळीने वाट मिळते. मात्र हे काम प्रोसेसरचे आहे. एमटी७६२८ ची ५८० मेगाहर्ट्झची एकेरी चिप १०० एमबीपीएसला यात दमते; एमटी७६२१ ला तो भार पेलतो. जिथे जोडणी ३०० एमबीपीएसच्या पुढे आहे आणि एसक्यूएम नको आहे, तिथे फायरवॉलच्या पानावरील हार्डवेअर फ्लो ऑफलोडिंग, म्हणजे पॅकेट प्रोसेसरऐवजी चिपेतील वेगळ्या भागाकडून पुढे पाठवणे, चालू करावे. ही दोन्ही एकत्र चालू ठेवू नयेत, कारण ऑफलोडिंगमध्ये पॅकेट एसक्यूएमला वळसा घालून निघून जातात आणि मग ‘काहीच फरक पडला नाही’ असे वाटते.

वाय-फायच्या बाबतीत दाट वस्तीच्या सोसायटीत २.४ गिगाहर्ट्झवर रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवावी आणि १, ६ किंवा ११ यांपैकी सर्वांत मोकळी वाहिनी निवडावी. ४० मेगाहर्ट्झने आकडा मोठा दिसतो, परंतु शेजाऱ्यांच्या जाळ्यांशी टक्कर वाढून प्रत्यक्ष वेग कमी होतो. डब्ल्यूपीए२ नंतरची सुरक्षापद्धत डब्ल्यूपीए३ केवळ एकट्याने लावल्यास जुने टीव्ही आणि स्वस्त स्मार्ट बल्ब जोडले जात नाहीत. डब्ल्यूपीए२ आणि ३ चा मिश्र पर्याय बहुतेक घरांना पुरतो.

पॅकेज टाकताना ८ एमबीच्या राउटरवर जागा लगेच संपते. मूळ प्रणाली केवळ वाचता येणाऱ्या, दाबून बसवलेल्या भागात असते, त्यामुळे तिच्यातले नको असलेले पॅकेज काढले तरी जागा मोकळी होत नाही. त्यापेक्षा संकेतस्थळावरील फर्मवेअर सिलेक्टरमध्ये हवी ती पॅकेज आधीच लिहून स्वतःसाठी फाइल तयार करून घ्यावी; ती दाबलेल्या स्वरूपात बसतात आणि कमी जागा घेतात. याच कारणासाठी सगळी पॅकेज एकगठ्ठा अद्ययावत करण्याची आज्ञा कधीही देऊ नये. जुनी प्रत खाली तशीच राहते, नवी वर बसते, जागा भरते आणि कधी कधी राउटर उठतही नाही. दुरुस्त्या हव्या असतील तर त्याच शाखेतील पुढची पूर्ण आवृत्ती सिसअपग्रेड फाइलने चढवावी. सेटिंग जपण्याचा पर्याय एकाच शाखेत निर्धास्त वापरता येतो. २१.०२ मध्ये अनेक राउटरांवर स्विचची मांडणी बदलली आणि २२.०३ मध्ये फायरवॉल एनएफटेबल्स या नव्या प्रणालीवर गेला, अशा मोठ्या उड्यांच्या वेळी सेटिंग कागदावर टिपून कोऱ्या स्थितीतून पुन्हा भरलेली बरी.

तुमच्या ८४१एनचे लेबल तेरावी प्रत सांगत असेल, तर सरावासाठी आधी त्यावरच हे सगळे करून पाहा, कारण त्याची टीएफटीपीची वाट भरवशाची आहे. दुसरी कोणतीही प्रत असल्यास त्यावर वेळ घालवू नका; एमटी७६२१ आणि १२८ एमबी रॅम असलेला राउटर घ्या, आणि त्यावर वाय-फाय सुरू करण्याच्याही आधी एसक्यूएम बसवून एका संध्याकाळी केबलवरून व्हिडिओ कॉल करून पाहा. तो न अडखळता चालला, तर जोडणी आणि फर्मवेअर ठीक आहेत, आणि नंतर फोनवर अडचण उरलीच तर ती वाय-फायच्या वाहिनीत किंवा राउटरच्या जागेत शोधावी लागेल.